रेषेतली बाई उभीच का?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा हा माणूस किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही विषय कळविला तो दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातील शाईच्या रेखाचित्रांचा, आणि त्यांतील स्त्रियांचा. चालकांनी तो सभ्यपणे मान्य केला. मनात काय म्हणाले असतील ते त्यांनाच ठाऊक. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते रद्दीच्या दुकानात, वाचनालयात आणि लोकलच्या प्रवासात. तेव्हा चित्रकलेवर बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असा प्रश्न आपण विचारलात तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एका भित्तिपत्रकात आहे. ते आधी सांगतो.

काही वर्षांमागची गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग खात्यातील बायका आठ तास उभ्या राहून काम करीत. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय हवी, असे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ४४ व्या कलमात तेव्हा स्पष्ट लिहिलेले होते. खात्यात एकही स्टूल नव्हते. आम्ही सभा बोलाविली आणि वस्तीतील एका मुलाला भित्तिपत्रक काढायला सांगितले. मुलगा हुशार, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी परीक्षा चांगल्या श्रेणीत उतरलेला. त्याने काळ्या शाईने एक स्त्री काढून आणली. सरळ नाक, खाली उतरणाऱ्या चुण्यांचे वस्त्र, अनवाणी पाय, हातात दिवा. रेषा अशी की कोठे थरथर नाही. आम्ही खूश झालो. पण पॅकिंगमधल्या एका बाईंनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “भाऊ, ही अजून उभीच का? आधी हिला स्टूल द्या.”

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मुलाला विचारले, हे कोठून काढलेस? त्याने झेरॉक्स केलेली काही पाने दाखविली. खाली नाव होते, जॉन फ्लॅक्समन. तेथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

हा फ्लॅक्समन जन्मला १७५५ साली, इंग्लंडात. बाप प्लास्टरचे साचे काढून विकणारा कारागीर. मूल अशक्त, शाळा फारशी झाली नाही. बापाच्या दुकानातच गल्ल्यामागे बसून त्याने लॅटिन-ग्रीकचे धडे आपले आपण गिरविले. (आम्हाला हा माणूस येथेच आवडला, हे कबूल करतो.) वयाच्या विसाव्या वर्षापासून तो वेजवुड यांच्या चिनी मातीच्या कारखान्यासाठी नमुने करून देऊ लागला. पुढे १७८७ त रोमला गेला आणि सात वर्षे राहिला.

तो काळ युरोपात जुन्या ग्रीस-रोमच्या वेडाचा होता. जर्मन पंडित विंकेलमान याने १७५५ सालीच, म्हणजे फ्लॅक्समन जन्मला त्याच वर्षी, ग्रीक कलेतील उदात्त साधेपणाचे आणि शांत भव्यतेचे स्तोत्र गाइले होते. राजवाड्यांतल्या नक्षीला, गुलाबी गालांच्या आणि फुगीर घागऱ्यांच्या चित्रांना लोक कंटाळले होते. जमिनीतून निघालेल्या ग्रीक कुंभांवरील आकृत्यांची पुस्तके छापून येऊ लागली होती. या सगळ्यातून जी कला उभी राहिली तिला आपण नवअभिजात कला म्हणतो. आणि तिची सर्वांत शुद्ध, सर्वांत कोरडी शाखा म्हणजे शाईची बाह्यरेषा. छाया नाही, उजेड नाही, पार्श्वभूमी जवळपास नाही. पांढऱ्या कागदावर फक्त आकृतीची कड. फ्लॅक्समनने १७९३ साली रोममध्ये होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या काव्यांवर अशी चित्रे केली, पिरोली नावाच्या कारागिराने ती ताम्रपटावर कोरली, आणि ती युरोपभर गेली. ती करवून घेतली एका इंग्रज बाईंनी, मिसेस हेअर-नेलर यांनी. दर चित्रामागे पंधरा शिलिंग. पीस रेटच तो.

आता या चित्रांत स्त्रिया काय करतात ते पाहू. नॉसिकाची कथा होमरने मोठ्या मायेने सांगितली आहे. राजकन्या असूनही ती खेचरांच्या गाडीत घरचे मळके कपडे भरून दासींसह नदीवर जाते. कपडे पाण्याच्या खळग्यांत टाकून त्या पायांनी तुडवितात, धुतलेले किनाऱ्यावरच्या गोट्यांवर वाळत घालतात, मग आंघोळ, मग जेवण, आणि कपडे वाळेपर्यंत चेंडूचा खेळ. सबंध दिवसाच्या कामाचे वर्णन आहे. फ्लॅक्समनने यातले काय काढले? चेंडू. हात उंचावलेली नॉसिका, वाऱ्यावर जाणारे वस्त्र, फार सुंदर चित्र. धुणे मात्र होमरकडेच राहिले.

पेनेलोपीचेही तसेच. नवरा युद्धावर गेलेला, घरात दांडग्या मागणीदारांचा तळ. सासऱ्यासाठी कफन विणून झाले की उत्तर देईन असे सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. अशी तीन वर्षे. गो-स्लोचा इतका जुना आणि इतका चोख दाखला आम्हाला दुसरा माहीत नाही; आणि तो फुटला तोही आतल्याच एका दासीने चुगली केल्यामुळे, हे संघटनेतल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. फ्लॅक्समनने नेमका ती पकडली जाते तो क्षण घेतला आहे. तिच्या वस्त्राच्या चुण्या देवळाच्या खांबावरील पन्हळींसारख्या सरळ उतरतात. तीन वर्षे रात्री जागलेल्या बाईचे डोळे, तिची बोटे यांचा मात्र त्या रेषेत पत्ता नाही. अँड्रोमाकी तटावर कोसळते ती नवरा मेल्याचे पाहून; पण तिचे कोसळणेही तोलून मापून केलेले वाटते.

हा फ्लॅक्समनचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. रेषेचाच तो स्वभाव आहे. वजन दाखवायचे तर छाया लागते, पायाखाली जमीन लागते, पोटरीवरची फुगलेली शीर लागते. बाह्यरेषेने ठरविलेच की हे सारे क्षुद्र आहे आणि कड तेवढी शाश्वत, तर मग बाई हातात काहीही धरो, ते पिसासारखेच हलके होणार. आणि त्या काळी हे ठरविण्याच्या जागी बाया बसलेल्या नव्हत्या. लंडनची रॉयल ॲकॅडमी १७६८ त निघाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर अशा दोन चित्रकर्त्री होत्या. पण जिवंत नग्न नमुन्यावरून रेखाटन करण्याच्या वर्गात स्त्रियांना मज्जाव. त्या वर्गात जमलेल्या सभासदांचे चित्र झोफानीने काढले, तर या दोघींना त्याने भिंतीवरच्या तसबिरी करून टांगले. संस्थापक सभासद, आणि सभेला हजर भिंतीवरून! याच कॉफमनने चार वर्षे आधी, १७६४ त, पेनेलोपीला मागापाशी रंगविले होते. आणि बसविले होते.

उभ्या बाईचा विषय निघाला आहे तर अथेन्सला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. तेथल्या एरेक्थियॉन देवळाच्या एका सज्जाचे छत सहा दगडी मुलींनी डोक्यावर तोलले आहे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या अखेरचे हे काम. नवअभिजात कलावंतांनी या मुली शेकडो वेळा रेखाटल्या. त्यांतली एक तर लॉर्ड एल्गिनने उचलून नेली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने अशा मूर्तींची कुळकथा दिली आहे: कारिया गावाने शत्रूशी हातमिळवणी केली म्हणून ग्रीकांनी तेथील पुरुष मारले, बायकांना गुलाम केले, आणि त्यांची शिक्षा कायम दिसावी म्हणून दगडात त्यांच्या डोक्यावर भार ठेवला. अभ्यासक आज ही कथा त्या देवळाला लागू धरीत नाहीत. खुद्द देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत, त्यांत या मूर्तींना नुसते ‘मुली’ म्हटले आहे. त्याच हिशेबांत रोजाची नोंद आहे: नागरिक असो, परका असो की गुलाम, रोज एक द्राख्मा. समान कामाला समान रोज! गुलामाचा द्राख्मा त्याच्या धन्याच्या खिशात जात असणार, ही गोष्ट निराळी.

पण आमचे लक्ष गेले ते दुसऱ्याच एका गोष्टीवर. त्या मुलींचे डोके आणि वरची तुळई यांच्यामध्ये एक गोल, कोरीव उशी आहे. पुस्तके तिला स्तंभशीर्ष म्हणतात. आम्ही चित्र पाहिले आणि म्हटले, ही तर चुंबळ! आपल्या सातपाटीच्या कोळिणी टोपलीखाली घेतात ती. आम्ही ते चित्र खिशात घालून सातपाटीला गेलो आणि मासळी विकणाऱ्या एका वयस्क बाईंना दाखविले. त्यांनी चुंबळ लगेच ओळखली. मान पाहा किती ताठ, असे आम्ही म्हणताच त्या म्हणाल्या की ताठ ठेवली नाही तर मानच मोडेल, त्यात कौतुक कसले. आणि हिचे हात खाली सोडलेले आहेत म्हणजे टोपली रिकामी असणार. अडीच हजार वर्षांच्या शिल्पावर एवढी नेमकी टीका आम्ही तरी कोठे वाचली नाही. लंडनमध्ये १८२२ त सेंट पँक्रसचे चर्च पुरे झाले, त्यात या मुलींच्या भाजक्या मातीच्या नकला बसविल्या आहेत. त्यांच्या पोटातून बिडाचे खांब गेले आहेत. भार घेतो खांब, नाव होते बाईच्या डौलाचे. सातपाटीच्या बाईच्या पोटात बिडाचा खांब नसतो.

हे सगळे मुंबईला कसे आले? प्लास्टरच्या साच्यांतून. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ त सुरू झाले आणि विलायतेच्या शाळांप्रमाणेच तेथेही ग्रीक-रोमन पुतळ्यांचे साचे आले. विद्यार्थ्याने जिवंत माणसाकडे वळण्याआधी या पांढऱ्या पुतळ्यांवरून हात बसवायचा, असा क्रम. कोल्हापूरचा, रत्नागिरीचा मुलगा मुंबईत येई आणि पहिली परकी बाई निरखून पाही ती प्लास्टरची. ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या, आणि तेथे रेषेची निराळीच जात मुलांनी पाहिली; बाई लवते, वळते, खांबाला टेकते. पण परीक्षेत गुण मिळत ते प्लास्टरच्या तालमीचे.

त्या तालमीतून काही भले निघालेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६ साली, ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. नऊवारीतली, पूजेला निघालेली मराठी मुलगी. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर लिहिले. आज ती पाहून कोणी म्हणेल की ही ग्रीक मुलगीच आहे, फक्त लुगडे नेसविले. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या काळी साहेबाच्या पुस्तकात आपल्या बायका ‘नेटिव्ह’ जातींचे नमुने म्हणून छापल्या जात होत्या, त्या काळी जो मान देवींसाठी आणि राण्यांसाठी राखलेला होता तो एका तरुणाने घरच्या मुलीला दिला. ही लहान गोष्ट नव्हे.

रेषेपुरते बोलायचे तर आमचा खरा माणूस महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूर. जे. जे. मध्ये १८९० त विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले, आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. जात पाठारे प्रभू. आणि पाठारे प्रभूंची परंपरा बिंब राजाबरोबर कोकणात आल्याचे सांगते. त्या राजाची हकीकत देणारी महिकावतीची बखर राजवाड्यांनी १९२४ त छापली. तिच्यात आपल्या केळवे-माहीमचे नाव घेतले जाते, म्हणून पालघरकरांनी धुरंधरांवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

धुरंधरांच्या हाताला प्लास्टरची शिस्त पूर्ण होती; पण डोळा बाजारात फिरत होता. एडवर्डिस यांच्या मुंबईवरील १९१२ च्या पुस्तकात त्यांची चित्रे आहेत, मासिकांत आहेत, पोस्टकार्डांवर आहेत. फ्लॅक्समनच्या दोन स्त्रियांची वस्त्रे अदलाबदल केली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. धुरंधरांची बाई कोणत्या जातीची, कोणत्या गल्लीतली, कामाला निघाली आहे की हळदीकुंकवाला, हे नुसत्या कासोट्यावरून आणि पदरावरून कळते. कोळीण, माळीण, पारशीण, सुवासिनी. एवढे बारकाईने आपल्या बायकांकडे त्यांच्याआधी कोणी पाहिले नव्हते, असे आमचे मत आहे. तरीही ती डोक्यावरची टोपली! ती अजून हलकीच आहे. धुरंधरांची कोळीण आपल्याकडे पाहून किंचित हसते, आणि आपणही हसतो. सकाळपासूनचा तिचा तिसरा खेप आहे की चौथा, हा प्रश्न त्या सुरेख चित्रापुढे आपल्याला सुचतच नाही. त्यांची कन्या अंबिका धुरंधर १९३१ त जे. जे. ची पदविका घेऊन चित्रकार झाल्या, हे मात्र मुद्दाम सांगितले पाहिजे. भिंतीवरच्या तसबिरीतून खाली उतरून बाई कागदापुढे बसली ती आपल्याकडे अशी.

आता आपण म्हणाल, बाईच्या हातात लेखणी दिली की प्रश्न सुटला. तर आपल्याच जिल्ह्यात या. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रेषा बाईच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती. वारली लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. येथे ग्रीस नाही, प्लास्टर नाही. बाई म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पण तो त्रिकोण वाकतो, पाणी वाहतो, कांडतो, नाचतो. वजन कमरेतल्या त्या एका टोकावर येते, हे पाहणाऱ्याला समजते.

पण ज्या लग्नासाठी तो चौक लिहिला जाई, त्याचाही जमाखर्च पाहिला पाहिजे. लग्नाला पैसा नसे. वारली तरुण सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबे. त्याच्याबरोबर त्याची बायकोही. त्याला नाव होते लग्नगडी. कर्ज फिटत नसे, वर्षे सरत. म्हणजे भिंतीवर ज्या हातांनी देवी लिहिली तेच हात दुसऱ्या दिवसापासून जमीनदाराच्या वाड्यावर. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी मेले. पण वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडल्या त्या या लढ्याने. गोदाताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० त आले; ते येथील प्रत्येक वाचनालयात असावे.

साधारण याच सुमारास, सत्तरीच्या आरंभी, भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या भागात आले आणि पाड्यांवर कागद आणि रंग पोहोचला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हाताने ती रेषा जगभर गेली. त्यांना २०११ त पद्मश्री मिळाली, २०१८ त ते वारले. फार मोठा कलावंत. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच विचारतो: भिंतीवर होती तोवर ही कला बायकांची होती आणि तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते, कागदावर आली, विकली जाऊ लागली, तशी खालच्या कोपऱ्यातील सह्या बहुतेक पुरुषांच्या कशा झाल्या? कारखान्यातही आम्ही हेच पाहतो. हाताने पुड्या भरायच्या तोवर ते बायकांचे काम. यंत्र आले, पगार वाढला, की ऑपरेटर म्हणून पुरुष.

भित्तिपत्रकाचे काय झाले ते राहिले. त्या मुलाला आम्ही दुसरे चित्र काढायला सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या बाईच आमच्या कचेरीत एका पालथ्या ड्रमवर बसल्या, पाळी संपवून आलेल्या तशाच, कंबर सैल सोडून, एक हात गुडघ्यावर. मुलगा घामाघूम झाला. उभी आकृती त्याच्या हातात बसलेली होती. ही बसलेली बाई काही केल्या कागदावर बसेना. तीन कागद फाडले. चौथ्यावर जमले. रेषा थोडी थरथरली आहे आणि एका खांद्याला शाईचा डाग पडला आहे. ते पत्रक गेटवर लागले. पत्रव्यवहार झाला, तपासणी झाली, आणि पाच महिन्यांनी खात्यात स्टुले आली. बारा बायकांत सात.

ते चित्र आमच्या कचेरीत अजून टांगलेले आहे. मुलाने जुन्या सवयीने तिचे पाय अनवाणीच ठेवले होते. हे आमच्या लक्षात आले नाही. त्या बाईंच्याच आले. म्हणाल्या, “भाऊ, स्टूल झाले. आता हिचे सेफ्टी शूज कुठे आहेत?”